तांदळातलं नाव

मॉरिसव्हिल
बुधवार, ६ सप्टेंबर २००६

चि. उल्का हिला आईचे आशीर्वाद. मी बरी आहे, तू बरी असशील.

आता ऐक. आईला कळवायची ही रीत नव्हे. जाड कागदाचं कार्ड, त्यावर पोरीच्या पावलांचे दोन ठसे, आणि पाकिटावर नाव कुणाचं तर केदार आणि हिमानी. मी लेकाच्या या घरात एप्रिलपासून आहे हे तुला माहीत आहे. केदार तुझ्याशी बोलायला गॅरेजमध्ये जातो, पण मला कान आहेत. 'आई इथेच आहे' हे त्याने तुला दहा वेळा तरी सांगितलं असेल. तरी पाकिटावर मी नाही. तशीच आणखी शंभर पाकिटं तू पोस्टात टाकली असशील, ऑफिसातल्यांना, शेजाऱ्यांना, कुणाकुणा ओळखीच्यांना. त्यातलं एक आईच्या घरात येऊन पडलं, इतकंच.

आणि पोरीचं नाव काय, तर मटिल्डा. दातात बडीशेप अडकावी तसं ते नाव अडकतं. मी हिमानीला म्हटलं, हे पोरीचं नाव की खोकल्याच्या औषधाचं? तिला हसू आलं पण तिने दाबलं. केदार म्हणाला, तुझ्या कॉनराडच्या आजीचं नाव आहे, ती वारली मागच्या वर्षी. म्हटलं असू दे, पण अर्थ काय? आपल्यात गरिबातल्या गरिबाच्या पोरीच्या नावालाही काही अर्थ असतो. नदी असते, फूल असतं, देवी असते. ह्यांचं आपलं काहीतरी ठेवून द्यायचं आणि हाक मारायची. केदारला अर्थ माहीत नव्हता. त्याला कॉम्प्युटरशिवाय काहीच माहीत नसतं.

कार्डावर मटिल्डाच्या पुढे आणखी एक शब्द आहे आणि मग कॉनराडचं आडनाव. त्या मधल्या शब्दाचं नंतर बघू.

माझं परतीचं विमान सत्तावीस तारखेला आहे. पासपोर्टावर मारलेले सहा महिने संपतात. तेवढ्यात मला तुझी पोर बघायची आहे. हे पत्र त्यासाठी आहे, उगाच आडून आडून लिहीत नाही. पण भांडण आधी, मागणं नंतर. भांडण पोटात ठेवून मी तुझ्या दारात येणार नाही. हे पत्र रविवारपासून लिहितेय. चौथी झालेल्या बाईचा हात चालतो तेवढाच चालतो.

मांडवात जे झालं ते मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे.

तर ऐक. आमच्या शेजारी एक म्हातारी राहते. ऐंशीच्या पुढची, काठीसारखी सरळ, एकटी. इथे घराबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत असा नियम आहे, घरांची जी सोसायटी असते तिचा. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मे महिन्यात मागच्या कठड्यावर लुगडं टाकलं. चांगलं ऊन वाया कशाला घालवायचं? तिसऱ्या दिवशी केदारला चिठ्ठी आली. तो माझ्यावर ओरडला नाही, नुसता कपाळाला हात लावून बसला, ते जास्त लागलं. मी लुगडं आत घेत होते तर शेजारच्या अंगणातून ही बाई तिची चिठ्ठी हातात धरून मला दाखवतेय. तिनेही चादर वाळत घातली होती. तिने माझ्या समोर चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि पुन्हा चादर वाळत घातली. मला ती बाई तिथल्या तिथे आवडली. मीही लुगडं परत टाकलं. केदारला आणखी दोन चिठ्ठ्या आल्या.

सगळे तिला लिंडा म्हणतात. मला इंग्रजी येतं चाळीस शब्द, तिला मराठी शून्य. तरी आमचं चालतं. ती तिच्या झाडाचे पीच देते, मी तिला भाकरी देते. तिला भाकरी आवडते, वर लोणी लावून खाते. तिच्याकडे गेलं की आम्ही बोलतो कमी, दाखवतो जास्त.

तुझं कार्ड मी तिच्याकडे घेऊन गेले. का नेलं विचारू नकोस. घरात सगळ्यांना दाखवून झालं होतं, आणि घरात दोघंच आहेत. तो शनिवार होता, म्हणून हिमानीला म्हटलं, चल, मध्ये बसून बोल. वाटेत हिमानी म्हणाली, "आई, तुम्ही ते कार्ड पंधरा दिवस उशीखाली ठेवलंय. नाव इतकं वाईट आहे तर उशीखाली कशाला?" तुझी भावजय दिसते गरीब, पण टोचते बरोबर जागेवर. मी म्हटलं, कार्ड दुमडू नये म्हणून. उशीखाली कार्ड दुमडतं हे तिलाही कळतं.

लिंडाने चष्मा लावला, नाव वाचलं, आणि तिचं तोंड असं फुललं की मला वाटलं हिच्याच घरी पोर झाली. मी हिमानीला म्हटलं, विचार, अर्थ काय ते. आहे का काही?

अर्थ होता, उल्का. म्हातारी उठली. आधी तिने दंड वर करून मूठ वळली आणि दंडाची बेडकी दाखवली, ऐंशी वर्षांची बेडकी. म्हणजे ताकद. तो पहिला तुकडा. मग कोपऱ्यातून पडद्याचा दांडा उचलला आणि माझ्या अंगावर असा रोखला की मी खुर्चीसकट मागे सरकले. म्हणजे लढाई. तो दुसरा तुकडा, हिल्ड. लढाईत ताकदवान, ती मटिल्डा. ती म्हणाली, त्यांच्या जुन्या नावांना असे दोन तुकडे असायचे, एक पुढचा, एक मागचा. पुढे लावायचे तुकडे ठरलेले आणि मागे लावायचे ठरलेले. लांडगा, भाला, विजय, राजा, मित्र, शांतता, असे शंभरेक तुकडे. त्यातून जोडून नाव करायचं. बायकांच्या नावात पण भाले नि लढाया. मी हिमानीला म्हटलं, बघ, आपण बायकांची नावं लता नि माया ठेवली म्हणून ही गत.

मग तिने स्वतःचं सांगितलं. ती लिंडा नाहीच. तिचं नाव गेर्लिंडे. जन्माने जर्मन. बाप शाळामास्तर, त्याला जुन्या नावांचं वेड, रविवारी पोरीला घेऊन दफनभूमीत जायचा आणि दगडांवरची नावं वाचून दाखवायचा. बापाचं नाव गेरहार्ड. गेर म्हणजे भाला, हार्ड म्हणजे कणखर. आईचं नाव झीगलिंडे. झीग म्हणजे विजय, आणि लिंड म्हणजे काही लोक म्हणतात मऊ, काही म्हणतात लिंडन नावाच्या झाडाच्या लाकडाची ढाल. जुन्या काळी त्यांच्याकडे पोर झालं की एक तुकडा बापाचा घ्यायचे, एक आईचा, आणि पोराचं नाव करायचे. ती रीत कधीच बंद पडली. पण मास्तराने मुद्दाम तसं केलं. त्याचा गेर, बायकोचा लिंडे. गेर्लिंडे. पोरीच्या नावात दोघं बसलेले.

मला ते ऐकून कसंतरी झालं. मी विचारलं, मग लिंडा कशी झाली? लढाई संपल्यावर तिने एका अमेरिकन शिपायाशी लग्न केलं, बावीस वर्षांची इथे आली. सासूला गेर्लिंडे म्हणता येईना. सासू म्हणाली लिंडा. सगळे लिंडा म्हणायला लागले. ती म्हणाली, सासू वाईट नव्हती, प्रेमानेच म्हणायची. पण बापाचा तुकडा तिथेच पडला. ती असंही म्हणाली की गेर हा शब्द आता तिच्या देशातही भाल्याला कुणी सहसा म्हणत नाही. शब्द मेला. नुसता नावांत उरला आहे, आणि नाव घेणारं कुणी नसलं की तिथूनही जातो.

मी म्हटलं, गेर्लिंडे.

जमेल तसं म्हटलं. तिने कप खाली ठेवला. हिमानी माझ्याकडे बघत होती, मी टेबलाकडे बघत होते.

तुझ्या नवऱ्याच्या नावाचा अर्थही मी विचारून घेतला, म्हणजे तुला वाटायला नको की आई एकच बाजू बघते. कॉनराड. पहिला तुकडा धीट, दुसरा सल्ला. धीट सल्ला देणारा. ते ऐकून मला मांडव आठवला. म्हटलं होतं ना लिहिणार नाही. आता लिहावं लागेल.

डिसेंबर २००२, तो सहकारनगरातला हॉल. मी तेव्हा तीन घरच्या पोळ्या करत होते. तिन्ही घरची माणसं आली होती, त्यांनी चांगले कपडे घातले होते, आणि मला पहिल्यांदा 'या संध्याताई' म्हणून बसायला खुर्ची दिली होती. जावई गोरा म्हणून लोक बघत होते. मी सगळं सोसलं. त्याची आई पायात बूट घालून होमाजवळ गेली, तेही सोसलं. लक्ष्मीपूजनाचं ताट मी स्वतः मांडलं. अंबेमोहोर तांदूळ, निवडून, एक खडा नाही. त्याला गुरुजींनी अंगठी दिली आणि सांगितलं, बायकोचं नवीन नाव तांदळात लिहा. त्याला मांडी घालता येत नव्हती, गुडघे छातीशी आले होते. तो तुझ्याशी काहीतरी बोलला आणि मग खाली वाकून लिहायला लागला. जीभ दातांत धरून, हळूहळू. मला वाटलं इंग्रजीत काहीतरी लिहील. त्याने मराठीत लिहिलं. उल्का. वाकडं, पहिलीतल्या पोरासारखं.

गुरुजी म्हणाले, हे तर जुनंच. नवीन नाव काय? तेव्हा तो म्हणाला, आणि तू मराठीत सांगितलंस, "हिचं नाव हिचंच आहे. मी कोण बदलणार?"

आणि मी पुढे होऊन हाताने ते पुसलं.

मी सगळ्यांदेखत म्हटलं, ज्याला तुझं नावसुद्धा बदलावंसं वाटत नाही त्याला तू कधी आपली वाटणार नाहीस. तुला ठेवायला म्हणून नेतोय, घरची करायला नाही. असंच म्हटलं, शब्द मला पाठ आहेत. त्याला भाषा कळली नाही पण पुसलेलं ताट कळलं. त्याने ते तीन आठवडे घोटलं होतं, हे मला नंतर केदारने सांगितलं. ऑफिसच्या वहीत पानंच्या पानं उल्का उल्का लिहिलेलं. तू उठलीस, अंगठी गुरुजींच्या हातात दिलीस, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही. मला वाटलं, चार दिवसांत येईल ताळ्यावर. चार वर्षं होत आली.

तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी बरोबर आहे. आपल्यात असंच असतं ना? नाव बदललं की ती त्या घरची. नाही बदललं तर पाहुणी. मला दुसरं काही कोण सांगणार होतं?

हे अर्धं खरं आहे. उरलेलं लिहिते, आता सुरुवात केलीच आहे तर.

तुझ्या नावासाठी मी काय केलं ते तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या बारशाला आत्याने सीमा हे नाव ठरवून आणलं होतं. मी ज्या घरी पोळ्या करायचे तिथली मोठी बाई कॉलेजात शास्त्र शिकवायची. तिने एकदा सांगितलं होतं, आकाशातून जळत येतो तो दगड, ती उल्का. मला ते फार आवडलं. एवढ्या लांबून येते आणि येताना उजेड करत येते. मी आत्याला म्हटलं, कानात उल्का म्हणा, नाहीतर पोर पाळण्यात घालू देणार नाही. सासूबाई म्हणाल्या, असलं अशुभ नाव कुणी ठेवतं का? मी पोर उराशी धरून मोरीच्या दाराशी उभी राहिले, तासभर. शेवटी आत्या रडत रडत उल्का म्हणाली. तुझ्या वडलांनी दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही.

म्हणजे तुझ्या नावासाठी मी सासर अंगावर घेतलं, आणि वीस वर्षांनी तेच नाव मीच हाताने पुसलं. का, ते मला मांडवातच कळलं होतं. चार वर्षं कुणाला सांगितलं नाही.

माझं लग्न झालं तेव्हा मी सोळाची. ताटात तांदूळ होते, जाडे, कण्या असलेले. तुझ्या वडलांनी अंगठीने लिहिलं संध्या. मला वाचता येत होतं म्हणून कळलं. नाहीतर कुणीतरी वाचून सांगेपर्यंत थांबावं लागलं असतं. एकनाथराव वाईट माणूस नव्हते, हे तुला माहीत आहे. त्यांना आधीचं नाव गावठी वाटलं, प्रेसमधल्या मित्रांत सांगायला लाज वाटायची. त्यांनी मला चांगलं शहरी नाव दिलं, असंच त्यांना वाटलं. मी तांदळाकडे बघत राहिले. कुणी मला विचारलं नाही आणि मी बोलले नाही. विचारतात हेच मला माहीत नव्हतं.

आणि तुझ्या मांडवात त्या माणसाने लिहायच्या आधी तुला विचारलं.

तो तुझ्या कानाशी वाकून बोलला ना, तेव्हाच मला कळलं की तो विचारतोय. उल्का, मला राग आला नव्हता. मला तुझा हेवा वाटला. पोटच्या पोरीचा. इतका की हात आपोआप पुढे गेला. रागावले असते तर ओरडले असते, हात कशाला लावला असता? हे लिहिताना माझे कान तापलेत. पण लिहिलं. आता खोडणार नाही.

आता तो मधला शब्द.

केदारने कार्ड वाचून दाखवलं. मटिल्डा, मग म्हणाला, "हे काय, हौसा? उल्काने कुठल्या जुन्या पुस्तकातून काढलं काय माहीत." त्याला माहीत नाही. आईचं लग्नाआधीचं नाव मुलाला कशाला माहीत असेल? हिमानीलाही नाही. या अख्ख्या देशात ते नाव एका माणसाला माहीत होतं. तू तिसरीत होतीस. लग्नात बायकांचं नाव बदलतात असं शाळेत कुणी सांगितलं म्हणून घरी येऊन विचारलंस, आई, तुझं खरं नाव काय? मी लाटता लाटता सांगितलं. मग तू दिवसभर 'हौसाबाई, हौसाबाई' करत माझ्या मागे फिरलीस, पदर ओढत. तिन्हीसांजेला मी तुला एक ठेवून दिली. गाल लाल झाला होता. मी म्हटलं, ते नाव पुन्हा घेतलंस तर बघ. तू पुन्हा घेतलं नाहीस.

तुला वाटलं असेल आईला ते नाव आवडत नाही.

मी तिसरी पोरगी. दोन आधीच झालेल्या. फलटणला आमच्या आळीत लोक माझ्या बापाला म्हणाले, हिचं नाव नकुशी ठेव, म्हणजे पुढचा मुलगा होईल. बाप गुऱ्हाळावर कामाला होता, तोंडाने फटकळ, मी त्याच्यावर गेले. तो म्हणाला, नकोशी कुणाला? मला पोरीची हौस आहे. आणि नाव ठेवलं हौसा. गुऱ्हाळ चालू झालं की काहिलीपाशी उभा राहून लांबून हाक मारायचा, हौसे, काकवी खायला ये. ऊन काकवी, पळसाच्या पानावर. जीभ भाजायची तरी मी थांबायची नाही. लग्नानंतर मी माहेरी गेले तर तुझे वडील सोबत. जावयासमोर बापाला जुनं नाव घेता येईना आणि नवीन त्याच्या तोंडात बसेना. तो नुसतं 'अगं' म्हणायला लागला. मरेपर्यंत 'अगं' म्हणाला. माझी मोठी बहीण एकटी हौसा म्हणायची, ती दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर जगात मला त्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. गेर्लिंडेच्या त्या भाल्यासारखं झालं. वस्तू आहे, शब्द गेला.

आणि तू तो उचलून पोरीच्या नावात ठेवलास. ज्या आईशी बोलत नाहीस तिचा. पाकिटावर नाव लिहिलं नाहीस आणि आत लिहिलंस.

त्या शनिवारी म्हातारीने कार्डावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं आणि हिमानीला विचारलं, मटिल्डा बापाच्या घरचं, मग हे आईच्या घरचं कुणाचं? हिमानीने मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. थेट खोटं बोलले. म्हातारीने माझ्याकडे बघितलं आणि कार्ड माझ्या हातात परत दिलं. सोमवारी हिमानी कामावर गेल्यावर मी एकटीच तिच्याकडे गेले. भाकरी नेली होती, ती हातातच राहिली. कार्ड टेबलावर ठेवलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि तेच बोट माझ्या छातीवर ठेवलं. चाळीस शब्दांतला एकही लागला नाही. म्हातारी उठून आली आणि मला म्हणाली, "हौसा." अगदी बरोबर म्हणाली. तिच्या तोंडून ते ऐकून मी त्या परक्या बाईच्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले, भाकरी छातीशी धरून. आता आम्ही दोघी एकमेकींना पूर्ण नावाने हाका मारतो. सोसायटीला काही चिठ्ठी पाठवायची असेल तर पाठवू दे.

मी तिला हिमानीकडून एक विचारून घेतलं. म्हटलं, ताकद, लढाई आणि हौस, हे एका नावात जुळतं का? तिने सांगितलं, तिच्याकडे जुन्या काळी एका बाईचं नाव होतं, पुढचा तुकडा शांतता आणि मागचा लढाई. ती म्हणाली, "तुकड्यांचा अर्थ जुळायलाच हवा असं नाही. प्रत्येक तुकडा कुणाचा तरी असतो, तेवढं पुरे."

तर मटिल्डावरचं माझं म्हणणं मी मागे घेते. आत्या म्हणून कॉनराडच्या बहिणीने कानात कुर्र केलं नसेल तर ते राहिलंय, तेवढं करून घ्या. पण तो मधला शब्द माझा आहे. त्याच्यावर माझा हक्क आहे. तू रागाने ठेवलास की मायेने ठेवलास हे मला माहीत नाही. मला टोचायला ठेवला असशील तर लागला, पुरेसा लागला. मायेने ठेवला असशील तर चार वर्षं मी कुठे होते हे मला विचार, मी तोंडाने सांगेन, कागदावर नाही.

कॉनराडला मराठी येत नाही, तू त्याला सांग. सांग की आई म्हणते, चूक माझी. लिहिताना तुझ्या 'उ'ची शेपटी वाकडी होती, पण नाव बरोबर होतं. हे असंच सांग, गोड करून सांगू नकोस.

केदार म्हणतो विमान तुमच्या बॉथेलच्या बाजूने, सिअ‍ॅटलवरून जाईल असं करता येतं, आणि इथून आठ दिवस आधी निघालं तर मध्ये तेवढे दिवस उतरता येतं. पण त्याला हे आधी कळवावं लागतं, पंधरा तारखेच्या शुक्रवारच्या पुढे बदल होत नाही. हिमानीने माझ्यासाठी कागदावर इंग्रजीत लिहून ठेवलंय, कुठे उतरायचं, कुणाला काय दाखवायचं. मी एकटी येईन. शिकेन. परवापासून पितृपक्ष लागतो, या दिवसांत काही ठरवू नये म्हणतात. मी ठरवतेय. माझी बहीण आणि माझा बाप रागावणार नाहीत, त्यांना उलट बरंच वाटेल.

येताना अंबेमोहोर आणते. इथे इंडियन दुकानात मिळतो, जुना असतो पण चालेल. ताट तुझं. अंगठी कॉनराडची. तांदूळ मी पसरीन, हात मागे बांधून बसेन. त्याने पुन्हा तुझं नाव लिहायचं आणि त्याच्या खाली पोरीचं, दोन्ही तुकडे, मधला शब्द मराठीत. त्याला जमत नसेल तर मी गिरवून देते.

शुक्रवार, पंधरा तारीख. संध्याकाळी सातपर्यंत, इथले सात, तुमच्याकडचे चार. केदारच्या घरच्या फोनवर कर. गॅरेजमधल्या फोनवर नको. ये म्हण किंवा येऊ नको म्हण, एकच शब्द पुरे, पण तुझ्या तोंडाने. हिमानी उचलेल. तिला 'आई आहे का' असं विचारू नकोस. 'हौसा आहे का' असं विचार. ती गोंधळेल. मी फोनपाशीच बसलेली असेन, मी म्हणेन, आहे.

तुझी आई,
हौसा